विहिरीला कागद, रस्त्याला जबान

माझ्या धाकट्यानं, परमेश्वरानं, मरनाचा विषय काढला तो नेमका नारळ फोडायच्या टायमाला. दिवाळी झालती. ऊसतोडीचा ट्रक दारात हुबा व्हता, त्यात आर्धी गल्ली चढून बसलती. दोन कोयते हळदीकुंकू लावून पाटावर मांडलते, एक त्याचा आन एक त्याच्या बायकोचा, मंगलचा. कोयता पूजल्याबिगर आमच्यात कुनी कारखान्याला जात न्हाई, आन पूजा झाल्यावर वंगाळ बोलत न्हाईत. पोरगं नारळ हातात घिऊन थांबलं आन थोरल्याला म्हनलं, "दादा, औंदा त्या रानाचा कागद करून टाकू. मानसाचं काय सांगावं? दोन पोरी हायत मला."

थोरला धर्मराज पार भडकला. "निघायच्या वक्ताला मरनाचं बोलतो व्हय बे? आन कागद कशाला पायजे? सख्ख्या भावावर भरोसा न्हाई का तुपला?"

झालं! ट्रकातल्या बाया वरून वरडाय लागल्या, अभद्र बोलू नको, फोड नारळ. मी म्हनलं, "धर्मा, त्यो मरनाचं न्हाई, रानाचं बोलायलाय. दोन सह्या कर की, काय जातंय तुपलं?" पन माझं कोन ऐकतंय. ड्रायव्हरनं हार्न दाबून धरला. परमेश्वरानं मान खाली घातली, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठिवला. वर्षाराणी आन मनिषा, त्याच्या दोन पोरी, माझ्या लुगड्याला धरून हुब्या व्हत्या. ट्रक गेला.

आता रानाचं सांगते, म्हंजी माझं डोस्कं कावून फिरलंय ते तुमाला कळंल.

आमचे दोन तुकडे. वरचा रस्त्याकडचा मुरमाड माळ, आन खालचं वढ्याकडचं काळं रान. आमचे मालक वारल्यावर वाटनी झाली तवा परमेश्वर कारखान्यावर गेलता. धर्मराज गावात. गावात ऱ्हानाराच्या मनासारखं व्हतंय, ते काय नवं न्हाई. खालचं काळं रान त्यानं आपल्या नावावर घेतलं, वरचा माळ धाकट्याच्या नावावर टाकला. परमेश्वर आल्यावर काय बोलला न्हाई. पुढं रस्ता रुंद झाला, येष्टी थांबाय लागली, आन मग ह्या शान्याला कळलं की मुरमाड असू दे, रस्त्याकडंला गाळे बांधता येत्यात. मग आला गोड बोलत. परम्या, अदलाबदल करू. खालचं तुला, वरचं मला. तुला शेती पायजे, मला धंदा पायजे. पारावर पाच मानसं बसवली, भंडारा उचलून जबान दिली, पेढे वाटले. कागद? कागद कुनी केला न्हाई. भावाभावात कागद करनं म्हंजी नाक कापल्यावानी वाटतंय ह्यांना.

धर्मराजनं वर गाळे बांधले. खाली रान काळं व्हतं पन पान्याचा थेंब न्हवता. परमेश्वर आन मंगल कारखान्यावरून यायचे, आठ दिस अंग टाकायचे, की लागले विहीर खांदायला. दोन-तीन उन्हाळे तेच. त्यो पहारीनं फोडायचा, मंगल खाली पाट्या भरायची, मी वर दोर वढायची. मनिषा पोटात व्हती तरी ती बाई खाली उतरायची. माझे तळहात सोलून निघालते. सुरुंग लावला तवा दगड उडून परमेश्वराच्या नडगीला लागला, त्याचं हाडूक मी डोळ्यानं बघितलंय. पानी लागलं तवा त्यो आत गुडघाभर पान्यात बसून रडला. बाप मेला तवा येवढा रडला न्हवता.

आन कागद जिथल्या तिथं. कागदावर थोरल्याचे गाळे धाकट्याच्या रानात, आन धाकट्याची विहीर थोरल्याच्या रानात. ध्यानात ठिवा, कारन सगळी भानगड हितंच हाय.

ट्रक गेल्यावर महिनाभरानं मुकादमाचा फोन आला. उसाची मोळी डोक्यावर घिऊन परमेश्वर गाडीवर चढत व्हता, रात्री दव पडून फळी वली झालती, पाय घसरला. मोळी मानंवर पडली. पिकअपमधी आनला त्याला. मंगल मागं त्याच्यापाशी बसून आली. उतरली तवा तिच्या अंगावर तोडीचेच कपडे व्हते, बाप्याचा सदरा, डोक्याला फडकं, हात पाचटानं कापलेले. रडली न्हाई. मला म्हनली, "आत्याबाई, मी खाली मोळ्या बांधत व्हते. मला दिसलंच न्हाई." तेवढंच चार-पाच डाव म्हनली.

चौदावा झाला. पाहुने गेले. दुसऱ्या दिवशी मी आन मंगल खालच्या रानात गेलो. ज्वारी पोटऱ्यात आलेली, पान्याला आलेली. मोटारीची पेटी उघडाय गेले तर पेटीला कुलूप. नवं कोरं.

मी तशीच वर गेले. धर्मराज गाळ्याम्होरं खुर्ची टाकून बसलता, च्या पीत.

"धर्मा, पेटीला कुलूप कुनी लावलं?"

"मीच. माय, बस. च्या घे."

"च्या घाल चुलीत. कावून लावलं?"

"कागदावर त्ये रान मपलं हाय. आता परमेश्वर न्हाई. उद्या मंगल माह्यारी गेली, कुनाला वाट्यानं दिलं, तर मी काय करू? आपलं आपल्या ताब्यात असलेलं बरं."

"आन हे गाळे? कागदावर हे रान कुनाचं हाय?"

लाज न्हाई वो त्याला. त्यो म्हनला, "गाळ्याचं तर पाच मानसात ठरलंय की. परम्यानं भंडारा उचललाय. जबान दिलीय त्यानं."

 विहिरीला कागद आन रस्त्याला जबान! जिथं कागद सोयीचा तिथं कागद, जिथं जबान सोयीची तिथं जबान. मेलेल्या भावाची जबान ह्यो पाळून घेनार, आन जित्या मानसानं सोताची मोडायची. माझ्या तोंडातून जे निघालं ते सांगत न्हाई, च्या पिनारी मानसं उठून गेली. पारावरल्या पाचातले दोघं तर देवाघरी गेलेत. ऱ्हायलेले तिघं त्याच्याच गाळ्यात बसत्यात. एकाला इचारलं तर म्हनला, "मंजुळाबाई, घरचं भांडन घरात मिटवा." पिल्या च्याला जागला.

मग आमी बादलीनं पानी वढाय लागलो. मी आन मंगल. विहिरीवर रहाट न्हाई, काय न्हाई, नुसता दोर. एक बादली वढायची, दांडात वतायची, ती चार पावलं जाऊन जमिनीत मुरायची. मंगलचे हात आधीच कापलेले, दोरानं त्यातून रगत याय लागलं. तिनं चिंध्या गुंडाळल्या. पोरी साळंतून येऊन तांब्यानं एकेका ताटाला पानी घालायच्या. तांब्यानं ज्वारी भिजती का? पन मी त्यांना न्हाई म्हनले न्हाई. आन धर्मराज वरून मोटारसायकलवर जाताना बघायचा, थांबायचा बी न्हाई.

तवर त्यानं एक काम मातर झटपट केलं. परमेश्वराच्या रानाला वारस लावून घेतले. मी म्हनलं, ह्याला येवढी दया कुठून आली? तर कायदा असा की पोरगं मेलं की बायको-पोरींसंगं त्याची मायबी वारस. मंगल, दोन पोरी, आन मी, चौघींची नावं वरच्या माळाला लागली. मग आला घरी. पहिल्या खेपंला मोसंबी घिऊन आला. हातपाय दाबाय लागला.

"माय, तुझं वय झालं. मानसाचं काय सांगावं. जितेपनी सगळं नीट करून ठिवावं. तुझा चौथा हिस्सा मपल्या नावावर बक्षीसपत्र करून दे. गाळे बरोबर तेवढ्यात बसत्यात. बाकीचा माळ ऱ्हाऊ दे मंगलला, मला काय त्याचा लोभ न्हाई."

माळ ऱ्हाऊ दे! मागच्या बाजूला निसती कुसळं येतेत, शेरडंसुद्धा तिकडं तोंड करत न्हाईत. म्हंजी गाळे त्याचे, विहीर त्याची, आन दोन पोरींना कुसळं. मी म्हनलं, "धर्मा, हेच तुझा भाऊ बोलला तर अभद्र व्हतं. तू बोलायलास तर शानपन. हे कसं काय रे?"

त्यो मोसंबी सोलत बसला. जाताना हळूच म्हनला, "अंगठा दिलास की कुलूप काढतो. ज्वारी किती दिस दम धरनार?"

मंगल दारामागं हुबी व्हती. त्यो गेल्यावर माझ्यापाशी येऊन बसली. म्हनली, "आत्याबाई, द्या अंगठा. खालच्या तासाची पानं वळायलीत. ज्वारी गेली तर कडबा गेला, कडबा गेला तर म्हस इकावी लागंल. मी पुढल्या साली दुसऱ्या बाईसंगं जोडी लावून कोयता धरते. गल्लीतली छबुबाई तयार हाय."

मला तिचाच राग आला. "अंगठा देऊ? आन मी उद्या मेले म्हंजी? ह्यो त्या चौथ्या हिश्शावर बसून तुला रस्त्याकडनं पाय ठिवू द्यायचा न्हाई. तुझ्या पोरींनी कुठं जायचं?" ती हाताच्या चिंध्या सोडाय लागली. दमलेलं मानूस भांडत न्हाई, त्याला फकस्त पानी पायजे असतंय. मग मीच इचार केला.

सकाळी धर्मराजला निरोप धाडला. येते म्हनावं वडवनीच्या रजिस्ट्रीला. पन आधी कुलूप काढ, ज्वारीला पानी बसू दे, मग तुझ्या जीपमधी बसते. त्यानं खुशीत काढलं. दोन दिस मोटार चालली. मंगल रातध्याड पानी धरत व्हती. सगळं रान भिजलं, तवा मी जीपमधी बसले. धर्मराज म्हनला, "माय, पुढं बस." मी मागंच बसले.

वडवनीच्या रजिस्ट्री हापिसात ही गर्दी. फोटोचं मशीन, अंगठ्याचं मशीन. कागद तयारच व्हता, साक्षीदार तयार व्हते, धर्मराजचेच गाळेवाले. दुपारपस्तोर बसवून ठिवलं. मग नंबर आला. साहेब चांगलं मानूस व्हता, कागद वाचून वर बघत म्हनला, "आजी, तुम्ही तुमचा हिस्सा या मुलाला बक्षीस देताय. राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव?"

"न्हाई देत," मी म्हनले.

"म्हणजे?"

"म्हंजी न्हाई देत. राजी बी न्हाई आन खुशी बी न्हाई. ह्यानं माझ्या मेलेल्या पोराच्या विहिरीला कुलूप लावलं साहेब, आन कुलपाच्या बदल्यात माझा अंगठा मागायलाय. म्हनून आले. अंगठा द्यायला न्हाई, तुमच्यासमोर हे सांगायला आले."

 धर्मराजनं माझा दंड धरला. "साहेब, वय झालंय तिचं, डोस्कं जाग्यावर न्हाई."

"सोड!" मी वरडले. "वय झालंय म्हनून तर बोलायलेय. डोस्कं जाग्यावर न्हवतं तर सही घ्यायला कावून आनलंस मला?" मागं कुनीतरी हसलं. साहेबानं कागद बाजूला सारला आन धर्मराजला बाहीर जायला सांगितलं.

त्यो बाहीर गेला तो गेलाच. मी पायऱ्या उतरून बघते तर जीप न्हाई. सख्ख्या मायला वडवनीत टाकून निघून गेला. माझ्यापाशी येष्टीला सुदीक पैसे न्हवते. हापिसाबाहीर दस्त लिहिनारे टेबलं टाकून बसत्यात, त्यातल्या त्रिंबकनं मला हाक मारली. त्यानं आतलं सगळं ऐकलंतं. तांब्याभर पानी दिलं आन म्हनला, "आजी, नुसतं नाही म्हणून भागत नाही. तुम्ही गेल्यावर तुमच्या हिश्शाला तोही वारस लागेल. द्यायचाच असेल तर आत्ताच सुनेला आणि नातींना हक्कसोड करून द्या. घेऊन या त्यांना."

त्यानंच तिकिटाला पैसे दिले. बाजारच्या दिवशी मंगलला घिऊन गेले. त्याच साहेबाम्होरं, त्याच मशीनवर अंगठा दिला. साहेबानं इचारलं, "राजीखुशीनं?" मी म्हनले, "ह्या खेपंला हाव."

घरी आलो तर पेटीला पुन्हा कुलूप. वायरी बी तोडलेल्या. पन आता वरचा सगळा माळ, गाळ्यांच्या खालची जागा, दारासमोरची जागा, मंगल आन तिच्या पोरींची झालती. माझा त्यात वीतभर वाटा ऱ्हायला न्हवता. धर्मराजला कळायला येक दिस बी लागला न्हाई. सांजच्याला त्यो दारात हुबा. संगं मोसंबी न्हाई.

"माय, हे काय केलंस? पोटच्या पोराला रस्त्यावर आनायलीस?"

"रस्त्यावर तर तू हायसच की. त्यासाठीच गाळे बांधलेस."

"मजाक करू नको! मंगल, मी काय म्हनतो, अदलाबदलीचा रीतसर कागद करू. खालचं तुपलं, वरचं मपलं. पारावर ठरलंय तसं."

मी बोलनार तेवढ्यात मंगल पुढं आली. दीराम्होरं तिनं कदी पदर ढळू दिला न्हाई, आवाज तर कधीच न्हाई. ती म्हनली, "भाऊजी, मीबी त्रिंबकला इचारलं. पोरी ल्हान हायत. त्यांच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीबिगर देता येत न्हाई. त्या अठरा पुऱ्या करून शान्या होईस्तोर तुमच्या गाळ्याची जागा तुमच्या नावावर व्हत न्हाई. मी म्हनलं तरी व्हत न्हाई."

धर्मराजचा चेहरा पडला. ते त्याला बी म्हाईत व्हतं, वकिलाकडं जाऊनच आलता.

"मग?"

"तुमचं तसं न्हाई. तुमी शाने हाव. खालच्या रानाचं बक्षीसपत्र तुमी उद्या करू शकता. आमच्या तिघींच्या नावानं."

"आन मी आधी दिलं आन पोरींनी मोठेपनी पलटी मारली तर? मी काय करायचं?"

"तर मग न्हाई म्हना. मी गाळ्यांना कुलपं लावते. तुमी विहिरीला लावलं, मी गाळ्याला लावते. कुलूप मलाबी मिळतं वडवनीत."

त्यो माझ्याकडं बघाय लागला. मी वळून म्हशीला वैरन टाकाय गेले. मायनं मधी पडावं असं त्याला वाटलं असंल. वाटू दे. कुलूप लावताना त्याला माय आठवली न्हवती.

चार दिस त्यो गाळ्यात बसला न्हाई. ह्याच्याकडं जा, त्याच्याकडं जा, सरपंचाकडं जा, तालुक्याच्या पुढाऱ्याकडं जा. सगळ्यांनी एकच सांगितलं असनार, कारन पाचव्या दिवशी त्यो आला आन म्हनला, चला. वडवनीला आमी येष्टीनं गेलो, त्यो जीपनं. साहेबानं त्यालाबी इचारलं, राजीखुशीनं का. धर्मराजनं घसा खाकरला आन हाव म्हनला. मशीनवर अंगठा ठिवला. मला कीव आली न्हाई, खरं सांगते.

बाहीर आल्यावर मंगल त्याच्या म्होरं हुबी ऱ्हायली. "भाऊजी, गाळे चालू द्या. पोरी शान्या झाल्या की जागा तुमची. मी सांगते त्यांना." त्यो जीपमधी बसून गेला. मी तिला म्हनलं, "कावून येवढं बोललीस? येवढं झाल्यावर?" ती म्हनली, "त्यांनी शब्द दिलता भाऊजीला. म्हनून." त्यांनी म्हंजी परमेश्वरानं. 

आता गल्लीतल्या बाया येत्यात आन म्हनत्यात, मंजुळाबाई, तुमी जिंकल्या. देवानं न्याय केला. त्याच बाया, ज्या ट्रकातून वरडल्या. माझ्या अंगाची आग व्हती. कसला न्याय? एक पोरगं सरनावर गेलं, दुसरं माझ्या दारावरून जाताना मान फिरवतंय. आन कशापायी? हसत-खेळत झाला असता अशा एका कागदापायी. दोघं भाऊ येष्टीनं गेले असते, सह्या केल्या असत्या, भजी खाऊन सांजच्याला घरी आले असते. मरनाचं बोलल्यानं कुनी मरत न्हाई वो. परमेश्वर बोलला म्हनून मेला न्हाई, फळी वली व्हती म्हनून मेला. पन न बोलल्यानं मागं ऱ्हायल्यांची कशी माती व्हती ते मी बघितलंय.

परवा तलाठ्यानं खालच्या रानाचा नवा उतारा दिला. वर्षाराणीनं वाचून दावला. मंगलचं नाव हाय, तिचं सोताचं हाय, मनिषाचं हाय. मी म्हनलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचला. विहिरीची बी नोंद हाय म्हनली त्यात. ती विहीर ज्यानं खांदली त्याचं नाव त्या रानाच्या कागदावर कदी चढलंच न्हवतं, आन आता चढनार बी न्हाई.